डोंगराच्या पोटातले धन

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ‘अँडॉर’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा आठवा भाग आला आणि विज्ञानकथांच्या चाहत्यांत पुढे कित्येक दिवस दुसरा विषय उरला नाही. घोरमन नावाचा एक ग्रह आहे. तेथील माणसे कोळ्यांच्या धाग्यापासून तलम वस्त्रे विणतात आणि त्यासाठी दूरदूरपर्यंत नावाजली जातात. या ग्रहाच्या पोटात कॅल्काइट हे खनिज सापडते, ते साम्राज्याला आपल्या महाशस्त्रासाठी हवे असते आणि ते पुरेसे काढायचे तर ग्रहच ढासळण्याचा धोका असतो. मालिकेचे कर्ते टोनी गिलरॉय हा निर्णय पहिल्याच भागात एका बंद खोलीतील बैठकीत घेतला जाताना दाखवतात. घोरमनवासीयांना त्याची गंधवार्ताही नसते. पुढचे सात भाग ते उद्धट, स्वार्थी आणि अविश्वासू असल्याची प्रतिमा पद्धतशीरपणे घडवली जाते. आठव्या भागात शहराच्या चौकात जमलेल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार होतो, तेव्हा उरलेल्या जगाला त्याचे फारसे दुःख होत नाही, कारण तशी तजवीज आधीच झालेली असते.

चाहत्यांचा वाद मात्र गोळीबारावर नव्हता. त्या प्रश्नावर दुमत असण्याचे कारणच नव्हते. वाद झाला तो दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे, सशस्त्र बंडखोरांनी घोरमनवर जे केले त्याने लोकांचे रक्षण झाले की साम्राज्याला हवे असलेले निमित्त मिळाले? दुसरी म्हणजे सिरिल कार्न हा कारकून. शिस्तीवर त्याची निष्ठा असते. आपण कोणत्या कारस्थानाचे प्यादे आहोत हे त्याला अखेरच्या घटकेला कळते. त्याची कीव करावी की नाही, यावर घराघरांत, महाविद्यालयांच्या उपाहारगृहांत आणि मोबाइलवरच्या मित्रगटांत तट पडले. ज्या घरांत एकेकाळी रविवारच्या मालिकेनंतर आजोबा-नातवंडांचा वाद रंगे, त्या घरांना ही चर्चा अनोळखी नाही.

मराठी घरांत या वादांची परंपरा चांगली चार दशकांची आहे. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागे. १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ आली, १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’. या दोहोंच्या मधे, १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झालेला ‘शक्तिमान’ २००५ पर्यंत चालला आणि त्याने सोमवारच्या शाळेची मधली सुट्टी व्यापून टाकली. आठवडाभर वाट पाहण्याला तेव्हा पर्याय नव्हता, त्यामुळे दोन भागांमधली पोकळी मुले स्वतःच भरून काढीत. एक बारीक गोष्ट मात्र त्या वयात कोणाच्या ध्यानात येत नसे. शक्तिमानचे बळ योगसाधनेतून आणि पंचमहाभूतांतून येते; त्यासाठी कोणाची जमीन खणावी लागत नाही. पाश्चात्त्य महानायकांची गोष्ट अनेकदा निराळी असते. तेथे सामर्थ्य वस्तूत असते, वस्तू धातूची असते आणि धातू कोणाच्या तरी पायाखाली असतो.

वकांडाचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘ब्लॅक पँथर’ हे पात्र रचले, तेव्हा त्याच्या राज्याला व्हायब्रेनियम या अद्भुत धातूचा डोंगर दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘आईज ऑफ वकांडा’ या चार भागांच्या चलच्चित्र-मालिकेत या राज्याचे हेर इसवी सनापूर्वीच्या क्रीट बेटापासून १८९६ च्या इथिओपियापर्यंत जगभर हिंडून चोरीस गेलेल्या धातूच्या वस्तू परत आणतात. अखेरच्या भागात भविष्यकाळातून आलेली एक व्यक्ती त्यांना सांगते की एक कुऱ्हाड मात्र परत नेऊ नका. ती बाहेर राहिली तरच वकांडाची दारे एक दिवस उघडतील. आपले धन लपवून ठेवणाऱ्या राज्याला शहाणे म्हणावे की कृपण, हा वाद चाहत्यांत जुनाच होता. या भागाने तो नव्याने पेटवला. वकांडाचे सुख असे की आपल्या डोंगराचे काय करायचे, हे निदान तेथील माणसेच ठरवतात.

सूरजागडचा डोंगर गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. डोंगरात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे आणि डोंगरावर ठाकूरदेव आहे. भोवतालच्या सत्तर गावांचा पारंपरिक ‘सूरजागड इलाका’ या देवाला मानतो. त्यांत बहुसंख्य माडिया गोंड आहेत. २००७ मध्ये येथील ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा लॉईड्स मेटल्स या कंपनीस मिळाला. पुढची चौदा वर्षे काम रखडत राहिले. २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची हत्या केली, डिसेंबर २०१६ मध्ये सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून मात्र खाण जोमाने सुरू झाली आणि २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन खनिज काढण्याची पर्यावरणीय मंजुरी मिळाली.

येथे साम्य ओढूनताणून आणण्याचा मोह आवरलेला बरा. घोरमन हे कल्पित साम्राज्याचे भक्ष्य आहे. सूरजागड लोकशाही राज्यात आहे, जेथे १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला अधिकार देतात आणि न्यायालयाचा दरवाजा ठोठावता येतो. बंदुकीची किंमतही येथे कल्पित नाही. ती या जंगलातल्या घरांनी दोन्ही बाजूंनी मोजली आहे. परंतु मालिकेतील एक तपशील मनातून जाता जात नाही: ज्यांचा डोंगर, ते बैठकीच्या खोलीत नसतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये खाणीच्या विस्तारावरील जनसुनावणी झाली ती डोंगराच्या पायथ्याशी किंवा एटापल्लीतही नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीस, जिल्हाधिकारी कार्यालयात. पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ पासून, परिसरातील आणखी प्रस्तावित खाणींच्या विरोधात तोडगट्टा येथे माडिया स्त्री-पुरुषांनी झोपड्या उभारून सुमारे आठ महिने ठिय्या दिला.

या साऱ्यावर विचार करायला लावणारा सर्वांत जुना आणि सर्वांत नेमका भाग मात्र ‘स्टार ट्रेक’चा आहे. ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग अमेरिकेत ९ मार्च १९६७ रोजी प्रथम दाखवला गेला. लेखक जीन कून. वेशभूषेतून प्राणी साकारणारे यानोश प्रोहास्का यांनी खडकासारखा दिसणारा एक पोशाख आणून दाखवला आणि त्यावरून कून यांना कथा सुचली, असा त्याचा इतिहास आहे. दूरच्या एका ग्रहावर खाण चालू आहे आणि अंधारातून येणारे काहीतरी कामगारांना ठार करीत सुटले आहे. कर्णधार कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक शिकारीस निघतात. प्राणी सापडतो तो मांसाचा नसून सिलिकॉनचा, जवळजवळ जिवंत दगड. स्पॉक त्याच्या अंगाला हात लावून त्याचे मन जाणून घेतो, तेव्हा उलगडते की तो प्राणी म्हणजे आई आहे. पन्नास हजार वर्षांतून एकदा तिची सारी जात मरते आणि अंडी सांभाळण्यासाठी एकटीच मागे राहते. कामगारांनी बोगदे खणताना जे गोल दगड निरुपयोगी म्हणून फोडले ती तिची अंडी होती. खाणीचा प्रमुख आपले पन्नास कामगार मारले गेल्याचे सांगतो, त्यावर कर्क त्याला आठवण करून देतो की तिची मेलेली पिल्ले हजारोंनी मोजावी लागतील.

जैन घरातील प्रेक्षकाला या दृश्यात परके काही वाटू नये. पृथ्वीकाय जीवांची कल्पना ज्याने पाठशाळेत ऐकली आहे, त्याला दगडाला वेदना असू शकते हे सांगायला अंतराळयान लागत नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत स्फोटककर्म, म्हणजे भूमी फोडून-खणून केलेली उपजीविका, मोजले आहे. अर्थात हे वाचणाऱ्या एकाही घरात लोखंडाशिवाय स्वयंपाक होत नाही, हेही तितकेच खरे. आणि व्यापारी समाजाला हा पेच कोणी परक्याने येऊन समजावण्याची गरज नाही.

त्या भागाविषयी चाहत्यांमध्ये रमणारा एक मुद्दा खरोखर सुंदर आहे. आरंभी स्पॉक प्राण्याला मारू नये असे म्हणतो आणि कर्क मारण्याचा हुकूम देतो. पुढे कर्क एकटा त्या प्राण्यासमोर सापडतो, तेव्हा मित्राच्या काळजीने स्पॉकच त्याला मारण्यास विनवतो, आणि कर्क शस्त्र उचलूनही चालवत नाही. समोर उभे राहिल्यावर माणूस बदलतो, दुरून ऐकताना बदलत नाही. कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांचे वडील याच चित्रीकरणाच्या दिवसांत वारले; हा भाग आपल्याला अतिशय प्रिय असल्याचे त्यांनी पुढे सांगितले.

मात्र शेवट फार सोयीचा आहे. अंड्यांतून पिल्ले निघतात, ती खडक सहज पोखरतात, खाणवाल्यांना आयते बोगदे मिळतात आणि सारे श्रीमंत होतात. पन्नास मिनिटांच्या भागात याहून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल; तरी त्या आईला वाटा मिळाला की नाही आणि तिने ‘नको’ म्हटले असते तर काय झाले असते, हे कोणी विचारत नाही. सूरजागडलाही वाट्याची भाषा आली आहे. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत खाणीतील स्थानिक कामगारांना कंपनीच्या समभागांची प्रमाणपत्रे देण्यात आली. त्याच दौऱ्यात गर्देवाड्यापर्यंतच्या एसटी बसलाही हिरवा झेंडा दाखवला गेला. स्वातंत्र्यानंतर प्रथमच तेथे बस पोहोचली. मजुरी, बस, दवाखाना या गोष्टी तेथील तरुणांना हव्या आहेत आणि त्यांना त्या हव्याशा वाटण्यात काही गैर नाही. ‘नको’ म्हणण्याचा प्रश्न त्यांनी सुटत नाही, एवढेच.

या मुलखाला स्वतःचा महानायकही आहे. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध गोंड-माडियांची फौज उभारली आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. लोककथेत त्यांच्या अंगी अलौकिक बळ येते आणि फाशीचा दोर पुनःपुन्हा तुटतो. सूरजागडचा डोंगर आसपासचे लोक त्यांच्याशीही जोडतात. ही कथा कोणत्याही वाहिनीवर पर्वांत विभागून आलेली नाही. ती गोटुलात, लग्नाच्या मांडवात आणि यात्रेत सांगितली जाते, आणि प्रत्येक सांगणाऱ्यागणिक तिचा एखादा भाग बदलतो. ऐकणारे त्यावरही वाद घालतात: दोर किती वेळा तुटला, धोका कोणी दिला.

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठाकूरदेवाची यात्रा भरते. सत्तर गावांचे लोक आणि छत्तीसगडच्या सीमेपलीकडचे सोयरे डोंगरावर येतात, पूजा होते, आणि नंतर पालांखाली खाणीवर, जंगलावर, रस्त्यावर बोलणे सुरू होते. ठराव होतात, ते लिहिले जातात मराठीत, म्हणजे कचेरीला कळावेत म्हणून. बोलणे चालते ते माडियात.