द्राक्ष क्रशरचा स्पीड कमी कसा करायचा? फॅन रेग्युलेटर लावण्याआधी हे वाचा



फेब्रुवारीत द्राक्षाचा सीझन सुरू झाला की माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "सर, क्रशर फार जोरात फिरतोय, स्पीड कमी करून द्या ना." विचारणारा कधी जालन्याच्या कडवंची भागातला बागायतदार असतो, कधी ज्यूसचा धंदा सुरू करणारा आपल्या शहरातला मुलगा, तर कधी "घरी वाईन करून बघायचीय" म्हणणारा हौशी माणूस. तिघांच्या मशीनचं दुखणं एकच असतं.

आधी माझी चूक सांगतो

दुकान नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाला मी १ एचपीच्या सिंगल फेज मोटरवर रेग्युलेटर लावून दिला. रिकामं मशीन छान हळू फिरलं, दोघंही खूश. दुसऱ्या दिवशी द्राक्षं टाकल्यावर रोलर अडकले, मोटर गुणगुणली आणि वाइंडिंग जळालं. अर्धवट चिरडलेला माल टबात काळा पडत होता. मोटर मी माझ्या खिशातून बदलून दिली. तो माणूस भांडला नाही, पण परत दुकानातही आला नाही. मोटरच्या किमतीपेक्षा ते नुकसान मोठं होतं.

रेग्युलेटर का चालत नाही?

आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज आहे. त्यावर चालणारी साधी ४ पोलची मोटर लोडवर साधारण १४४० आरपीएम देते. रेग्युलेटर व्होल्टेज कमी करतो, पण त्याबरोबर मोटरची ताकदही जाते. व्होल्टेज निम्मं केलं तर ताकद निम्मी नाही, पाव राहते! शिवाय कपॅसिटर स्टार्ट मोटरमध्ये एक सेंट्रिफ्युगल स्विच असतो. स्पीड फार पडला की तो सुरुवातीचं वाइंडिंग पुन्हा जोडतो. ते वाइंडिंग काही सेकंदांपुरतंच बनवलेलं असतं, सतत चाललं की जळतं. फॅनला हवा ढकलायची असते, क्रशरला घड चिरडायचा असतो. फॅनचा जुगाड इथे चालत नाही.

मग स्पीड किती हवा?

क्रशरचं काम मणी फोडायचं, वाटायचं नाही. स्पीड जास्त झाला तर तीन गोष्टी बिघडतात. देठ तुटून रसात जातात आणि हिरवट, तुरट चव येते. वाईनच्या द्राक्षात बी असते, ती फुटली तर कडवटपणा येतो. आणि रसात हवा घुसळली गेली की पांढऱ्या द्राक्षाचा रस लवकर तपकिरी पडतो. आपल्याकडची थॉमसन किंवा सोनाका बिनबियांची आहे, म्हणून बीचा प्रश्न नाही. देठाचा आणि हवेचा मात्र आहेच.

छोट्या, ४ इंची रोलरच्या मशीनला मी १२० आरपीएमच्या आसपास सुरुवात करायला सांगतो. पण दुसऱ्याचा आकडा जशाच्या तसा उचलू नका. ४ इंची रोलर १२० आरपीएमला मिनिटाला साधारण ३८ मीटर सरकतो, तर ८ इंची रोलर त्याच आरपीएमला ७६ मीटर. आकडा तोच, पण द्राक्षाला बसणारा मार दुप्पट.

स्पीड कमी करायचे तीन मार्ग

१. पुली आणि बेल्ट. सूत्र सोपं आहे: मोटरचा आरपीएम गुणिले मोटरवरची पुली, भागिले मशीनवरची पुली. मोटरवर ३ इंच आणि पुढे १२ इंच लावली तर १४४० चे ३६० होतात. मध्ये एक शाफ्ट टाकून पुन्हा ४ इंच आणि १२ इंच लावली की १२०. स्पीड उतरतो आणि ताकद वाढते. मोटरवर अगदी छोटी पुली लावायचा मोह टाळा, ए सेक्शनचा बेल्ट त्यावर घसरतो आणि लवकर तुटतो.

२. गिअरबॉक्स. १० ला १ चा घेतला तर १४४ आरपीएम, १२ ला १ चा घेतला तर १२०. जागा कमी लागते, खर्च जास्त.

३. व्हीएफडी. बटण फिरवून स्पीड बदलतो, पण त्याला थ्री फेज मोटर लागते. घरी सिंगल फेज लाइन असेल तर ती २३० व्होल्टला जोडता येते का, हे मोटरच्या प्लेटवर बघूनच घ्या. नुसत्या व्हीएफडीवर १४४० वरून १२० ला आणू नका; मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. आधी पुली किंवा गिअर, मग वरची बारीक सेटिंग व्हीएफडीवर.

सेटिंग करायची पद्धत

रोलरवर खडूची खूण करा, मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि १५ सेकंदांतले फेरे मोजा. ३० फेरे आले म्हणजे १२० आरपीएम.

आता ५ किलो द्राक्षं टाका आणि खाली काय पडतंय ते हातात घेऊन बघा. अख्खे मणी येत असतील तर रोलरमधली फट कमी करा. देठाचा चुरा किंवा फुटलेली बी दिसली तर फट थोडी वाढवा. तरीही दिसली तर स्पीड उतरवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

"पण मग प्रॉडक्शन कमी होईल ना?"

हिशोब करू. समजा तुमचं मशीन जोरात तासाला ५०० किलो आणि हळू ३०० किलो काढतं. पण घड धुणारी, सडके मणी निवडणारी दोन माणसं तासाला १५० किलोच देतात. मग मशीन कितीही पळवा, दिवसाचा माल १५० च्याच हिशोबाने निघणार. जास्तीच्या स्पीडने फक्त चव बिघडवली. धंद्यात सगळ्यात हळू चालणारी पायरी शोधा, पैसा तिथे लावा.

दोन गोष्टी टाळू नका

बेल्ट आणि रोलरवर गार्ड हवंच. अडकलेला घड काढताना आधी प्लग काढायचा, मगच हात घालायचा. ओढणी, पदर, सैल बाही मशीनजवळ नको. ओल्या जागेत काम आहे, म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा.

दुसरी गोष्ट परवान्याची. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे. वाईन बनवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, "घरच्यापुरती करतो" म्हणून सुटका नाही. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. तिथलेही परवाना घेऊनच बसलेत. तुमची सुरुवात ज्यूस किंवा सिरपने करा. त्यासाठी धंद्याच्या आकारानुसार एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो आणि क्रशर तोच चालतो. पुढे वाईनमध्ये जायचं असेल तर मशीन घ्यायच्या आधी उत्पादन शुल्कच्या ऑफिसात जाऊन या.

आजचं काम एवढंच: तुमच्या मोटरची प्लेट वाचा, दोन्ही पुल्या टेपने मोजा आणि वरच्या सूत्राने आरपीएम काढा. आकडा ३०० च्या वर आला तर द्राक्षं टाकायच्या आधी पुली बदला. पुली स्वस्त पडते, गेलेलं गिऱ्हाईक नाही.