धुऱ्यावरचा आंबा आणि १७१५ चं आज्ञापत्र

महागावच्या बसमध्ये ऐकता ऐकता ज्यांची रेंज गेली, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून टाकतोय. बोललेलंच आहे, फक्त थोडं नीट केलंय.

समजा, फुलसावंगीत तुमच्या वावराच्या धुऱ्यावर एक आंबा आहे. आजोबांनी लावलेला. उद्या एक सरकारी माणूस येतो आणि म्हणतो, 'लाकूड पाहिजे, तोडतो.' तुमच्या तोंडून पहिलं काय निघेल? 'विचारलं कोणाला?' बस्स. राज्यशास्त्राचा अर्धा झगडा याच प्रश्नाचा आहे.

राजकीय विचारवंत म्हटलं की एमपीएससीच्या नोट्समध्ये प्लेटो, अॅरिस्टॉटल, हॉब्स, लॉक. ठीक आहे, ते वाचायलाच पाहिजेत. पण राज्य कसं चालवावं यावर मराठीत ३०० वर्षांपूर्वी लिहिलेलं एक पुस्तक आहे, आणि त्यात हा आंबा खरंच आहे!

पुस्तकाचं नाव 'आज्ञापत्र'. साल १७१५ च्या आसपास. लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य. हा माणूस नुसता पुस्तकी नव्हता. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत तो अमात्य होता. पुढे राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा औरंगजेबाची फौज दारात असताना इकडचा कारभार त्याने सांभाळला. त्यासाठी त्याला 'हुकूमतपनाह' असा किताब होता. एवढं सगळं पाहून झाल्यावर, म्हातारपणी, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी त्याने हे लिहिलं.

आता आंबा. आरमारासाठी लाकूड लागतं. पंत म्हणतात, सागवान वगैरे आपल्या रानातून परवानगीने तोडा, कमी पडलं तर बाहेरून विकत आणा. पण आंबा, फणस? ही झाडंही कामाची आहेत, तरी त्यांना हात लावू नका. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं, जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करा, पैसे द्या, मग तोडा. जबरदस्ती नाही.

बघा, यात दोन गोष्टी आल्या: संमती आणि मोबदला. भूसंपादनाच्या आजच्या भांडणांत हेच दोन शब्द ऐकू येतात ना?

इंग्लंडमध्ये जॉन लॉकने साधारण २५ वर्षं आधी, १६८९ मध्ये, जवळपास हेच लिहिलं: माणसाची मालमत्ता त्याच्या संमतीशिवाय घेता येत नाही. मग फरक काय? फरक मोठा आहे. लॉक पुढे विचारतो, राज्यकर्त्याने ऐकलंच नाही तर? आणि उत्तर देतो की मग जनता त्याला हटवू शकते. आज्ञापत्रात हे नाही. तिथे राजाने चांगलं वागावं, कारण रयत दुखावली की राज्य बुडतं. म्हणजे आंबा वाचतो तो राजाच्या शहाणपणामुळे. राजा शहाणा नसला की आंबा गेला! मला पंत आवडतात, पण इथे मी लॉकच्या बाजूने.

एका गोष्टीत मात्र पंत फार पुढचं बोलले. इंग्रज, फ्रेंच, डच हे 'टोपीकर' बाकीच्या सावकारांसारखे नाहीत, त्यांच्यामागे राजे आहेत, त्यांना जमीन पाहिजे. खाडीवर, समुद्रकाठी त्यांना जागा देऊ नका. हे १७१५ मध्ये, प्लासीच्या ४२ वर्षं आधी!

आणि हो, आपल्या वऱ्हाडात तेव्हा काय चाललं होतं? अठराव्या शतकात इथे दुअमली होती. निजाम एकीकडे, नागपूरकर भोसले दुसरीकडे, आणि वसुली दोघांची. आंब्याच्या धन्याने 'विचारलं कोणाला' हे नेमकं कोणाला म्हणायचं? १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं, तेव्हाही वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं.

ही उरलेली बाजू महात्मा फुल्यांनी मांडली. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. जंगलखात्याने गायरानं घेतली, शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, हे त्यात आहे. पंत राजाला सांगत होते, झाडाच्या धन्याला विचारा. फुले त्या धन्याच्या जागेवरून सरकारलाच जाब विचारतात. टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी वाचलं होतं, ते जाणवतं.

आज हा प्रश्न विचारायची जागा कागदावर तरी ठरलेली आहे: ग्रामसभा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. फुलसावंगीएवढ्या गावात १०० माणसं म्हणजे लग्नाची एक पंगतसुद्धा नाही. तरी कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली, हे किती वेळा ऐकलंय सांगा.

तुमच्या गावची मागची ग्रामसभा कधी झाली, ते व्हॉइस नोटने कळवा. पुढच्या भागात लोकहितवादी, ज्यांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहिली. या देशाला पार्लमेंट पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय.