श्रुतीपेटी बंद करून

सकाळचे साडेसहा. चेन्नईत मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळामागची गल्ली, पहिला मजला, लाल फरशी. चटईवर सहा मुली मांडी घालून बसलेल्या, त्यातल्या दोघी शाळेच्या गणवेशात. भिंतीवर त्यागराजांच्या शेजारी एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा फोटो आणि त्याला ताजा गजरा. शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या 'मामी' म्हणतात. तिथली मामी आणि आपली मामी नात्यानं एकच, त्यामुळे मलाही हाक मारताना अवघडल्यासारखं झालं नाही.

लहानपणी मी मिरजेला आठ वर्षं गाणं शिकले आणि पुढे सोडलं. तेवढ्या भांडवलावर कर्नाटक संगीताचा वर्ग बघायला तीन आठवडे इथे येत होते. पहिल्याच दिवशी कान चकला. सगळ्यात धाकटी, सात वर्षांची, आरोह-अवरोह म्हणत होती आणि मला ऐकू येत होता भैरव. आपल्याकडे नवख्या मुलाच्या हाती भूप किंवा यमन देतात. इथे सुरुवात मायामाळवगौळ रागानं. हा क्रम पुरंदरदासांनी (1484-1564) घालून दिला असं मानतात. तेच पुरंदरदास, ज्यांच्या पदांत नाममुद्रा म्हणून विठ्ठल येतो. यात सोय अशी की सा-रे-ग-म ही जी चढण आहे, तीच पुन्हा प-ध-नी-सा अशी येते. जवळचे दोन सूर, मग मोठी उडी, मग पुन्हा जवळचे दोन. एकदा गळ्याला कळलं की अर्धं काम झालं.

पण गळ्याच्या आधी हात. आदितालाला आठ मात्रा: मांडीवर एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, नंतर थाप आणि हात उलटा, पुन्हा थाप आणि हात उलटा. हा हात थांबायचा नाही. पहिल्या काळात मात्रेला एक सूर, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. हाताची गती तीच, गळा चौपट. गणवेशातल्या एका मुलीचा गळा तिसऱ्या काळात पळायला लागला तशी तिची बोटंही पळायला लागली. मामींनी तिचं मनगट धरलं. नुसतं धरून ठेवलं, सोडलं नाही. मग म्हणाल्या, "इन्नोरु तडवै." पुन्हा एकदा. तीन आठवड्यांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेले तामिळ शब्द हेच.

दुसऱ्या आठवड्यात मामींनी मध्येच श्रुतीपेटीचं बटण बंद केलं. (आपल्याकडे श्रुती म्हटलं की बावीस श्रुतींचा वाद आठवतो. इथे श्रुती म्हणजे साधा आधारस्वर, तंबोऱ्याची आस.) मुली गातच राहिल्या. दोनेक मिनिटांनी पेटी पुन्हा सुरू झाली आणि सहाच्या सहा जणी कसनुसं हसल्या. सगळ्यांचा सा थोडा थोडा खाली उतरला होता, प्रत्येकीचा वेगळ्या अंतरानं.

मामींनी सुब्बुलक्ष्मींच्या फोटोकडे बोट केलं.

मदुराईत 1916 साली जन्मलेली ही मुलगी वीणेच्या घरात वाढली. आई षण्मुखवडिवू वीणा वाजवायच्या, आजी अक्कम्माळ व्हायोलिन. शाळा लवकर सुटली आणि घरातला तंबोराच खेळणं झाला. तारा लावायच्या, त्यांच्याबरोबर गायचं, मध्येच छेडणं थांबवायचं आणि गातच राहायचं. पुन्हा तारा छेडून बघायचं, आपण तिथेच आहोत की सरकलो. हा खेळ त्या रोज खेळत असत. दहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर यांची तालीम मिळाली आणि हिंदुस्थानी गाणं त्या शिकल्या ते कोल्हापूरच्या पंडित नारायणराव व्यासांकडे. संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहातलं 1966 चं गाणं, 1968 साली 'संगीत कलानिधी' झालेली पहिली स्त्री, 1998 चं भारतरत्न, हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्यापेक्षा 1980 ची 'बालाजी पंचरत्नमाला' मोठी वाटते. साठी उलटल्यावर त्यांनी अन्नमाचार्यांची तेलुगू पदं नव्यानं बसवली, आणि त्यातल्या पदांसाठी त्या शिकायला बसल्या त्या नेदुनुरी कृष्णमूर्तींसमोर. ते त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान.

मोठ्या मुलींचा वर्ग संध्याकाळी. तिथे तोडी चालली होती. नावावर जाऊ नये. त्यांच्या तोडीचे सूर आपल्या भैरवीचे. मुलीच्या वहीत 'ग' लिहिलेला होता, पण मामी गात होत्या तो ग जागेवर उभाच राहत नव्हता, रे आणि म यांच्यामध्ये हेलकावत होता. मी वहीत बघून गायले तेव्हा सपाट, वहीतलाच ग आला आणि सगळ्या गालात हसल्या. वहीतला सूर म्हणजे घराचा पत्ता, घर नव्हे. मामी एक ओळ गायच्या, मुली परत गायच्या, पुन्हा तीच ओळ. एका कृतीच्या पल्लवीवर चाळीस मिनिटं गेली. आलाप कधी शिकवता, असं मी विचारलं. तो शिकवत नाहीत, म्हणाल्या. पुरेशा कृती पोटात गेल्या की राग आपोआप सापडतो. हे पुरतं पटलं नाही. आपल्याकडे गुरू राग उलगडून दाखवतो आणि बंदिश त्यात बसते. इथे बंदिशीतूनच राग गाळून घ्यायचा. कष्ट मात्र दोन्हीकडे सारखेच.

एका संध्याकाळी त्यांनी एम. एस. यांची मेळरागमालिका लावली. बहात्तर मेळांचे, म्हणजे थाटांचे, बहात्तर राग एका माळेत, रचना महावैद्यनाथ अय्यरांची, शब्द संस्कृत. मामी म्हणाल्या, "हे तुमचंच." मला वाटलं, चेष्टा आहे. पण तंजावरच्या भोसल्यांच्या परिवारातले सखाराम साहेब यांच्यासाठी लावणी वेंकटराव यांनी आधी बहात्तर मेळांची रचना मराठीत केली होती आणि तिला चाल दिली ती महावैद्यनाथ अय्यरांनीच. संस्कृत नंतर आलं. मिरजेच्या आठ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी मामींनी कोपऱ्यातल्या तंजावरी तंबोऱ्यावरची खोळ काढली. फणसाच्या लाकडाचा, भोपळ्याऐवजी कोरलेलं पोट. एरवी तो असाच झाकलेला; मुलींना बॅटरीवरची पेटी सोयीची पडते. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "लावा," आणि कॉफी करायला आत गेल्या.

पंचम, दोन सा, खर्ज. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत राहिले. एकदा तार नुसती ठणठणायची, एकदा मुकी व्हायची, मधल्या एका केसभर जागी अचानक बोलायची. वीसेक मिनिटं गेली असतील. चारही तारा एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटल्या. मी डोळे मिटून सा लावला आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश झाले.

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"दुसरी तार," मामी तिथूनच म्हणाल्या. "श्रुती सेरलै." जुळलेली नाही.

मी खुंटी पुन्हा हातात घेतली. कॉफी आली तरी दुसरी तार लागत होती.