घाट एकच, चढ ज्याचा त्याचा

सोलापुरात सायकल चालवणाऱ्याला रोजचा चढ म्हणजे आसरा पूल. तो सोडला तर कुठल्याही नाक्यावरून बाहेर पडा, रस्ता तव्यासारखा सपाट. पुण्यातला मित्र फोनवर ऐकवतो, रविवारी कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट चढून पाचगणीला नाश्ता केला. मग इथल्या दहा-बारा जणांच्या टोळक्यात कुणीतरी म्हणतंच, आपणही एका दिवसात तीन-चार घाट करू की! म्हणायला सोपं आहे. पण घाट आणायचे कुठून?

सगळ्यात जवळचा घाट तुळजापूरचा, पंचेचाळीस किलोमीटरवर. पुढे धाराशिव ओलांडून येडशीला जावं, तर तिथून बार्शीकडे उतरणारा घाट आहे, उत्तरेला येरमाळ्याचा. हे सगळे एका दिवसात जोडून रात्री घरी यायचं म्हटलं तर बेत दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. आणि त्यातला बहुतेक रस्ता पुन्हा सपाटच, फक्त काही खालचा आणि काही वरचा.

वरचा सपाट, हीच या भागातली पहिली नवलाची गोष्ट. तुळजापूरच्या घाटात आपण एखादा डोंगर ओलांडत नाही. चढतो, आणि पलीकडे उतारच नसतो, समोर पुन्हा शेतं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे पूर एकावर एक आले आणि जवळजवळ आडवेच थिजले. कठीण थर टिकले, ठिसूळ थर पाण्यानं झिजले आणि जमिनीला पायऱ्या पडल्या. सोलापूर खालच्या पायरीवर, समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटरवर. तुळजापूर आणि धाराशिव वरच्या पायरीवर, साडेसहाशेच्या आसपास. या पायरीची कड म्हणजे बालाघाट, आणि ही रांग थेट हरिश्चंद्रगडापाशी सह्याद्रीतून फुटून इथवर येते. तिच्या दक्षिण उतारावरचं पाणी बोरी-सीनेतून भीमेला मिळतं, उत्तरेकडचं तेरणा-मांजरेतून गोदावरीला.

आता दोनशे मीटरच्या या चढाईचा हिशेब मांडू. माणूस सत्तर किलोचा, सायकल बारा किलोची. एवढं वजन दोनशे मीटर उचलायला सुमारे 160 किलोज्यूल काम करावं लागतं. स्नायू खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा पॅडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होते. म्हणून खरा खर्च चौपट. तरी तो होतो साधारण 160 किलोकॅलरी, म्हणजे ज्वारीची एक मध्यम भाकरी! अख्खं तुळजापूर चढायला एक भाकरी पुरते, आणि घाटाची धास्ती मात्र आदल्या रात्रीची झोप खाते.

मग दमतो कशानं? हवेनं. सपाटीवर ताशी पंचवीसनं एकट्यानं चाललात तर हवा बाजूला सारण्यातच 75 वॉटच्या आसपास शक्ती जाते. तुळजापूरपर्यंतच्या पंचेचाळीस किलोमीटरला याच वेगानं हवेचा खर्च धरला तर तो तीन भाकऱ्यांचा भरतो. वारा पडलेला आहे, असं धरून. न दिसणारी हवा त्या अख्ख्या चढाच्या तिप्पट ओझं लादते, हे आकडे मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही.

त्यातली खोच अशी की हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट केला तर ती आठपट. घाटात वेग दहावर येतो आणि हवेचा काच जवळजवळ नाहीसा होतो. शंभराला पाच असा चढ ताशी दहानं चढताना 130 वॉट लागत असतील, तर हवेच्या वाट्याला त्यातले पाच येतात. उरलेली शक्ती वजन उचलण्यात आणि थोडी टायरच्या घर्षणात जाते.

टोळीच्या बेताचं सारं मर्म इथे आहे. सपाटीवर पुढच्याच्या मागे हातभर अंतर ठेवून चाललात की हवेचा भार पाव-तृतीयांशानं हलका होतो. आळीपाळीनं पुढे येत, वारा झेलत, कच्चा गडीसुद्धा पक्क्यांबरोबर तमलवाडीपर्यंत गप्पा मारत जातो. तिथवर कोण दमदार आणि कोण नाही, कळतसुद्धा नाही. घाट सुरू झाला की पहिल्या वळणात टोळी फुटते. कुणी मुद्दाम पुढे पळालेलं नसतं. पाच वॉटच्या हवेत आडोसा घेऊन वाचवणार तरी काय? प्रत्येकजण आपापल्या वजनासह एकटा. जगातल्या मोठ्या शर्यतींचा निकाल डोंगरात लागतो तो याचमुळे. टूर द फ्रान्समध्ये 1910 साली पिरेनीजचे उंच घाट घातले गेले. 1933 पासून घाट आधी गाठणाऱ्यांची वेगळी क्रमवारी लागू लागली आणि 1975 पासून तिच्या मानकऱ्याला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. सपाटीचा राजा असा किताब कुणी दिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

शर्यतीला हे शोभतं, सहलीला नाही. घाट चार किलोमीटरचा धरा. ताशी बारानं चढणारा वीस मिनिटांत वर, आठनं चढणारा तिसाव्या मिनिटाला. मधली दहा मिनिटं पहिला सावलीत बसून पाणी पितो, फोटो काढतो, त्याचे पाय ताजे होतात. शेवटचा धापा टाकत पोचतो आणि तेवढ्यात सगळे उठतात, “चला!” ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. असे तीन घाट जोडले की तिसऱ्याच्या पायथ्याशी त्याचा चेहरा पाहवत नाही, आणि पुढच्या बेताला तो येत नाही. चांगल्या टोळ्या अशाच मोडतात.

म्हणून माझं मत असं की सोलापूरकरांनी तीन घाटांच्या मागे पळूच नये. एकच घाट घ्यावा आणि सगळ्यांना वेळ सारखा द्यावा, समजा दोन तास. त्या वेळात ज्याला जितक्यांदा चढवेल तितक्यांदा त्यानं चढावं, उतरावं, पुन्हा चढावं. कुणाचे चार चढ होतील, कुणाचा एकच. वर पोचलेल्यानं थांबून राहण्याऐवजी खाली यावं, शेवटचा जिथे असेल तिथून त्याच्या सोबतीनं पुन्हा चढावं. पक्क्याला हवे तेवढे चढ मिळतात, कच्च्याला सोबत मिळते आणि दोन तासांनी सगळे एकाच वेळी मोकळे.

हा काही गरिबाघरचा तोडगा नाही. एव्हरेस्टवर 1924 मध्ये नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा नातू, त्याचंही नाव जॉर्ज मॅलरीच. तो 1994 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माउंट डोना ब्वांगचा रस्ता सायकलनं इतक्यांदा चढला की उंचीची बेरीज एव्हरेस्टइतकी झाली. आता जगभर लोक हेच करतात, त्याला ‘एव्हरेस्टिंग’ म्हणतात. चढ कुठलाही चालतो, एकच हवा, आणि बेरीज 8,848 मीटर. शंभर मीटरचा चढ निवडला तर एकोणनव्वद वेळा. आसरा पुलावर किती फेऱ्या होतील, तो हिशेब ज्याला हौस असेल त्यानं करावा.

गिअरबद्दल थोडं. गिअर काम कमी करत नाही. एक मोठा घास चार लहान घासांत खाण्याची ती सोय. बिनगिअरच्या जुन्या सायकलीला पॅडलच्या एका फेऱ्यात पाच मीटरच्या आसपास जावंच लागतं, म्हणून चढावर मिनिटाला तीस-बत्तीस फेरे रेटताना गुडघे बोलू लागतात. हलक्या गिअरवर एका फेऱ्यात अडीच मीटर, आणि पाय साठच्या लयीत फिरतात. भाकरी तेवढीच लागते, गुडघे वाचतात.

उन्हाचं मात्र मनावर घ्यावं. चढताना अंगात चारशे वॉट उष्णता तयार होते, ती घालवायला तासाला अर्ध्या लिटरहून जास्त घाम वाळावा लागतो. वाळावा लागतो, नुसता गळून चालत नाही. हनुवटीवरून टपकलेला थेंब काडीचाही गारवा देत नाही. सपाटीवर आपल्याच वेगाचा वारा घाम वाळवतो, घाटात तोच वारा नाहीसा होतो. नेमकं जिथे जास्त तापतो तिथेच पंखा बंद. म्हणून सोलापुरात मार्च ते मे घाटाचं नाव काढू नये, आणि दुसरी बाटली रिकामी न्यायची नाही.

पावसाळा हिरवा असतो, पण वारा नैऋत्य-पश्चिमेचा. तुळजापूर सोलापूरच्या ईशान्येला. जाताना वारा पाठीशी, आपण फार तयारीचे आहोत असं वाटतं, आणि दमून परतताना तोच छातीवर. हिवाळ्यात उलट. वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. पाय ताजे असताना तो झेलायचा, दुपारी तो ढकलत घरी आणतो. बेत डिसेंबर-जानेवारीत करावा तो यासाठी, आणि हुरड्यासाठी.

हिवाळ्याची एक अडचण आहे, ऊस. साखर कारखाने चालू असतात आणि पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच अशी खात्री नाही, आणि रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं उतारावर सायकलला पुरतं. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेपाचला निघायचं तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा प्रत्येकाला हवाच, फक्त पहिल्या-शेवटच्याला असून भागत नाही.

खिशात काय ठेवायचं, यावर परदेशी जेलच्या पुड्या विकत घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण कडक भाकरी ही सोलापूरनं सायकलवाल्यांसाठीच केली असावी असं वाटतं. पापडासारखी पातळ, पाणी जवळजवळ उडून गेलेली, म्हणून वजन कमी आणि दिवस गेले तरी न बिघडणारी. जर्सीच्या मागच्या खिशात तिचे तुकडे होतात, होऊ द्यावेत. शेंगाच्या चटणीची पुडी बरोबर असली की तुकडा बुडवायचा आणि चालू पडायचं. चटणीतलं मीठ घामाबरोबर गेलेलं भरून काढतं.

वर पोचल्यावर घाटशीळेला जरूर थांबावं. देवीनं रामाला लंकेची दिशा इथूनच दाखवली, अशी कथा आहे. वाट विचारण्याची या जागेची परंपरा आपल्या फोनमधल्या नकाशाहून बरीच जुनी.

राहिला दिवस. कोजागरीच्या आसपास हा रस्ता चालणाऱ्यांचा. सोलापुरातून लाखो माणसं, कित्येक अनवाणी, रात्रभर चालत तुळजापूरला जातात आणि रस्ता वाहनांना बंद होतो. त्या माणसांची ऊर्जा किलोमीटरमागे सायकलवाल्याच्या तिपटीहून जास्त खर्च होते, आणि तीही बिनगिअरची. एरवी मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, पौर्णिमेला गर्दी, रविवारी सुट्टीच्या मोटारी. उरलेल्या वारांत सोयीचा शनिवार. तेवढी रजा मात्र ज्यानं त्यानं आपापल्या साहेबाकडून काढावी.