अर्थ न सांगणारी चित्रं

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, १९४५मध्ये दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केलं, आणि मुखपृष्ठांच्या वाटेनं चित्रकला मराठी घरांत पोचली. हे ऋण मोठंच. पण त्याबरोबर आपल्याला एक खोडही जडली. चित्रात पणती दिसली की प्रकाश, कमळ दिसलं की लक्ष्मी, पिंजरा दिसला की पारतंत्र्य, असा हिशेब आपण झटकन मांडतो. हिशेब जुळला की पान उलटतो. जुळला नाही तर ‘मॉडर्न आर्ट आहे बुवा’ म्हणून हात जोडतो.

प्रभाकर बरवे यांची चित्रं हा या खोडीवरचा उतारा आहे. त्यांतल्या वस्तू कोणालाही ओळखू येतात. पान, घड्याळ, शंख, फळ, विजेचा दिवा, एखादं अक्षर किंवा आकडा. अनाकलनीय असं काहीच नसतं, तरीही हिशेब जुळत नाही. मराठी चित्रकलेत प्रतीकाचा इतका शांत आणि इतका हट्टी वापर दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

एका किनाऱ्यावरचे दोघे

बरव्यांचा जन्म १६ मार्च १९३६चा, अलिबागच्या दक्षिणेला रेवदंड्याच्या वाटेवर असलेल्या नागावचा. आज नागाव म्हटलं की शनिवार-रविवारची गर्दी आणि किनाऱ्यावरचे जलक्रीडावाले आठवतात. त्या काळी जिल्हा कुलाबा होता. त्याचं रायगड असं नामकरण १९८१मध्ये झालं. नारळी-पोफळीच्या वाड्या, आगरं आणि पलीकडे समुद्र, असं हे गाव.

अलिबागच्या उत्तरेला मांडव्याकडे जाताना सासवणे लागतं. तिथले विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे नामवंत शिल्पकार. नात्यानं ते बरव्यांच्या आजोबांच्या पिढीतले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर पोरवयात त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र जिल्ह्याचे इंग्रज कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांच्या मदतीनं करमरकरांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट सापडली. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला १९२८चा अश्वारूढ शिवरायांचा पुतळा त्यांचाच. सासवण्याच्या राहत्या घरात आज त्यांचं शिल्पालय आहे. तिथली सिमेंटमधली म्हैस पाहून माणूस क्षणभर थबकतो, इतकी ती हुबेहूब आहे.

करमरकरांची सगळी तपश्चर्या वस्तू जशी आहे तशी उभी करण्याची. बरवेही वस्तूचाच ध्यास घेतलेले. पण त्यांना वस्तू तिच्या नेहमीच्या कामातून मोकळी करून पाहायची होती. एका किनाऱ्यावर, एकाच गोतावळ्यात ही दोन टोकं निपजली.

बनारसचा वळसा

वडील मुंबईत फिल्म स्टुडिओत कामाला, त्यामुळे बरवे मुंबईचे झाले. १९५४ ते १९५९ ते जे. जे.मध्ये शिकले. स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले त्यांना जवळचा वाटला. लहान मुलासारखी रेघ, पण तिच्यामागे पक्का विचार, हे क्लेचं वैशिष्ट्य पुढे बरव्यांच्याही कामात दिसतं.

१९६१मध्ये त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. हातमागाला नवी नक्षी मिळावी म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं ही केंद्रं उभी राहिली होती आणि त्यांत तरुण चित्रकारांना मुद्दाम घेतलं जाई. चित्र विकून घर चालेल असे ते दिवस नव्हते. महिन्याचा पगार आणि संध्याकाळी स्वतःचं चित्र, या हिशेबावर एक अख्खी पिढी तगली. बरवे १९८२पर्यंत या नोकरीत होते.

नोकरीनं त्यांना बनारसला नेलं. १९६५च्या सुमारास मुंबईला परतेपर्यंत तिथं त्यांची गाठ तांत्रिक परंपरेतल्या यंत्रांशी पडली : बिंदू, त्रिकोण, वर्तुळ, पाकळ्या. बिरेन डे, जी. आर. संतोष हेही त्याच दशकात या वाटेला लागले होते आणि समीक्षकांनी सगळ्यांना मिळून ‘निओ-तांत्रिक’ असं लेबल लावलं. ‘किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स’ हे बरव्यांचं १९६७चं चित्र याच काळातलं. इस्पिकचा राजा आणि राणी! पत्त्यांतल्या या जोडीकडे त्यांचं लक्ष जावं, यातच पुढची दिशा दिसते. यंत्रातल्या त्रिकोणाचा अर्थ शास्त्रानं आधीच ठरवून ठेवलेला असतो. रोजच्या वापरातल्या चिन्हाचा अर्थ मात्र पुन्हा नव्यानं हलवता येतो. सत्तरच्या दशकात बरव्यांनी तयार यंत्रं सोडली आणि साध्या वस्तू हाती घेतल्या. १९७६मध्ये त्यांना ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळाला.

डब्यातला रंग

बरव्यांची प्रतीकं समजायची तर त्यांचा रंग समजला पाहिजे. चित्रकाराचा नेहमीचा तैलरंग ट्यूबमध्ये येतो. जवसाच्या तेलात घोटलेला, लोण्यासारखा दाट. तो हवेतला प्राणवायू घेत सावकाश सुकतो. जाड थर असेल तर दिवसच्या दिवस ओला राहतो. ब्रशचा प्रत्येक फटकारा त्यात जसाच्या तसा टिकतो, आणि म्हणून चित्रकाराचा आवेग, त्याच्या हाताचा जोर आपल्याला पृष्ठभागावर वाचता येतो.

बरव्यांनी कॅनव्हासवर एनॅमल वापरलं. रंगाच्या दुकानात दारं-खिडक्यांसाठी ‘ऑइल पेंट’ मागितला की जो डबा पुढे येतो, तोच हा रंग. झाकण उघडं राहिलं की वर साय धरते, ती काढून खालचा रंग ढवळावा लागतो. टर्पेंटाइन घातलं की तो पातळ होतो. लावल्यावर स्वतःच पसरून सपाट होतो आणि ब्रशची खूण गिळून टाकतो. काही तासांत वरून सुकतो, आणि सुकल्यावरही त्याची चकाकी राहते. दुरुस्तीला तो फार वाव देत नाही. कड चुकली की चुकली. पिकासोनं १९१२च्या सुमारास पॅरिसमध्ये ‘रिपोलिन’ हा घरगुती एनॅमल वापरला होता, जॅक्सन पोलॉकनं अमेरिकेत असाच एनॅमल रंग कॅनव्हासवर ओघळवला. पोलॉकला त्याचं वाहणं हवं होतं. बरव्यांना हवं होतं त्याचं थांबणं : सपाट, गुळगुळीत, नेमक्या कडेशी संपलेलं क्षेत्र.

याचा परिणाम मोठा होतो. चित्रातलं पान कोणी भावनेच्या भरात रंगवलं असं वाटत नाही. ते तिथं ठेवलेलं वाटतं. चित्रकाराचा हात दिसेनासा होतो आणि आपण एकटे त्या पानासमोर उरतो.

वस्तूंमधली मोकळी जागा

बरव्यांच्या चित्रात बहुधा राखी, फिकट पिवळी किंवा मातकट अशी विस्तीर्ण पार्श्वभूमी असते. तिच्यावर दोन-चार वस्तू, एकमेकींपासून लांब. टेबल नाही, जमीन नाही, क्षितिजाची रेघही बऱ्याचदा नाही. एखाद्या वस्तूला सावली असते, शेजारचीला नसते. पानाचा आकार आणि फळाचा आकार मापानं एकमेकांशी जुळत नाहीत. कधी वस्तूची नुसती बाह्यरेषा उरते आणि आतून पार्श्वभूमी दिसते.

अशा वेळी घड्याळ ‘काळाचं प्रतीक’ असं म्हणून भागत नाही. काळ दाखवायचा तर काटे फिरायला हवेत, आकडे जागेवर हवेत. इथं घड्याळ आधी एक वर्तुळ आहे, मग आकड्यांचं घर, मग शेजारच्या पानाशी नातं सांगू पाहणारी एक वस्तू. ते नातं कोणतं, हे चित्र सांगत नाही. दोहोंमधली रिकामी जागा ते बोलतं ठेवते. संगीताच्या बैठकीत दोन सुरांमधल्या विरामाला जे वजन असतं, ते इथं या मोकळ्या जागेला आहे.

म्हणून शंख दिसला की त्यात नागावचा किनारा शोधण्याचा मोह आवरावा. जन्मगावाचा दाखला जोडून चित्र सोपं होत नाही, छोटं मात्र होतं.

युक्रेनमधला समवयस्क

प्रतीकाचा अर्थ असा मोकळा ठेवणं सगळीकडे शक्य नसतं. नागावात बरवे जन्मले, त्याच वर्षी मे महिन्यात युक्रेनच्या तेर्नोपिल भागातल्या मोस्कालिव्का या खेड्यात एका विणकराच्या घरी इव्हान मार्चुक जन्मला. रंगाचे बारीक धागे एकमेकांत गुंफत जाऊन चित्र घडवण्याची स्वतःची रीत त्यानं काढली. झाडं, चांदणं, मातीची घरं, चेहरे, सगळंच त्या जाळीतून उमटतं. सोव्हिएत राजवटीला समाजवादी वास्तववाद हवा होता. कारखाना, ट्रॅक्टर, हसरा कामगार. मार्चुकला तिथल्या कलावंत संघात प्रवेश मिळायला १९८८ उजाडलं.

जिथं उघड बोलण्याला बंदी असते तिथं प्रतीक लपण्याची जागा होतं. आणि २०२२च्या रशियन आक्रमणानंतर युक्रेनमध्ये उलट प्रवास दिसला. सूर्यफूल हे सगळ्या जगाला एका क्षणात कळणारं चिन्ह झालं. युद्धात प्रतीकाला असं एकच एक, ठाम बोलावं लागतं. बरव्यांवर ना तशी बंदी होती, ना तशी निकड. त्यांना लाभलेल्या निवांतपणाचा त्यांनी वेगळा उपयोग केला : चिन्हावरचा अर्थाचा भार उतरवला.

कोरा कॅनव्हास

आपण काय करतो आहोत याचा विचार बरवे लिहूनही करत. विद्यार्थिदशेपासून त्यांनी वह्या ठेवल्या. त्यांत टिपणं आणि रेखाटनं शेजारी शेजारी असत. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक १९९०मध्ये मौज प्रकाशनानं काढलं. चित्रकारानं आकार, अवकाश आणि निर्मितीची प्रक्रिया यांवर मराठीत इतक्या बारकाईनं लिहिल्याची उदाहरणं थोडी. पाच वर्षांनी, १९९५मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी ते गेले.

फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जेसल ठक्कर यांनी मांडलेलं ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे बरव्यांचं सिंहावलोकन झालं. उद्घाटनाच्या भाषणात अमोल पालेकरांनी संग्रहालयाच्या सल्लागार समित्यांबाबत सरकारच्या निर्णयावर टीका केली, तेव्हा त्यांना मध्येच अडवलं गेलं. देशभर बातमी झाली. पालेकरांचा प्रश्न महत्त्वाचाच होता. पण बरवे हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्या बातमीत, आणि वरच्या मजल्यांवर टांगलेली चित्रं बातमीबाहेर राहिली.

रायगडच्या किनाऱ्यावर आज बंगले आणि रिसॉर्टं वाढताहेत, त्यांच्या भिंतींवर चित्रंही लागताहेत. सासवण्याच्या शिल्पालयात निदान करमरकर भेटतात. बरवे भेटायचे तर संग्रहालयं आणि प्रदर्शनं धुंडाळावी लागतात, किंवा ‘कोरा कॅनव्हास’ मिळवून वाचावं लागतं. त्यांचं मूळ चित्र समोर येईल तेव्हा खालची पट्टी वाचायची घाई करू नये. आधी वस्तू मोजाव्यात, मग त्यांच्यामधलं अंतर बघावं, सावली कुणाला आहे नि कुणाला नाही हे तपासावं. पाच मिनिटांत अर्थ सापडणार नाहीच. मात्र नंतर घरातल्या टेबलावरची चावी आणि चष्मा नुसत्या वापराच्या वस्तू म्हणून बघणं जरा कठीण जाईल, आणि बरव्यांच्या प्रतीकांचं काम तेवढंच आहे.