कूलंटचा इशारा : आधी थांबा, मग पाहा

गेल्या काही वर्षांत आपल्या वसाहतींतून आणि गृहनिर्माण संस्थांतून चारचाकी गाड्यांची संख्या वाढली आहे. कुणी बचतीतून, कुणी बँकेचे कर्ज काढून, तर पुष्कळांनी सेकंडहँड गाडी पाहून आपली हौस व गरज भागवली आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु गाडी चालवता येणे आणि गाडी समजणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपल्यापैकी बहुतेक जण स्कूटर-मोटारसायकलवरून मोटारीकडे आलो. साध्या दुचाकीचे इंजिन वाऱ्यानेच थंड होते. त्यात पाणी घालावे लागत नाही. मोटारीचे तसे नाही. त्यामुळे डॅशबोर्डवर कूलंटचा तांबडा दिवा लागला की त्याचा अर्थ काय आणि करायचे काय, हे अनेकांना ठाऊक नसते.

आम्ही तंत्रज्ञ नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आम्ही, गाडीची पुस्तिका वाचून आणि जाणत्या मेकॅनिकांना प्रश्न विचारून जे समजले तेच येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत. सभासदांना ते व्यवहारात उपयोगी पडेल आणि विद्यार्थ्यांना शाळेत शिकलेल्या विज्ञानाचा पडताळा येथे पाहता येईल, अशी आशा आहे.

कूलंट म्हणजे काय?

इंजिनात इंधन जळते तेव्हा सिलिंडरमधील वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. मग ॲल्युमिनियमचे भाग असलेले इंजिन टिकते कसे? कारण त्याच्या भिंतींच्या आतून सतत द्रव फिरत असतो व उष्णता वाहून नेत असतो. ढोबळमानाने सांगायचे तर इंधनातील उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग गाडी चालवण्याच्या कामी येतो. तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला बराचसा या द्रवाला वाहून न्यावा लागतो.

हा द्रव म्हणजे कूलंट. त्यात साधारणपणे निम्मे शुद्ध पाणी, निम्मे एथिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन आणि गंज रोखणारी द्रव्ये असतात. वॉटर पंप त्याला इंजिनातून फिरवतो. इंजिन पुरेसे तापले की थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते, कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याने व पंख्याने निवते आणि परत इंजिनात येते. सर्वसाधारण तापमान ९० अंशांच्या आसपास राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण साधे झाकण नसते. ते आत दाब धरून ठेवते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे विद्यार्थ्यांनी प्रेशर कुकरच्या उदाहरणातून शिकलेले असते. तेच तत्त्व येथे आहे. दाबाखाली कूलंट १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. याचा फायदा आहे तसाच धोकाही आहे. त्याबद्दल पुढे सांगू.

कूलंट 'संपत' नाही

पूर्वीच्या मोटारींत पाणी खरोखरच संपत असे. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या मोटारीत पाणी वाफ होऊन उडून जाई. त्यांच्या पत्नी बर्था बेंझ १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करून गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. आपल्याकडेही जुन्या गाड्यांचे चालक सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतत, हे अनेकांनी पाहिले असेल.

आजच्या गाडीत मात्र कूलंटचा मार्ग बंदिस्त असतो. तापल्यावर ते प्रसरण पावते, जास्तीचा द्रव टाकीत येतो आणि निवल्यावर परत जातो. म्हणून पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल, तर कूलंट कोठून तरी बाहेर पडत आहे, असाच त्याचा अर्थ.

बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही, शंभर रुपये कमी भरले, तर कारकुनाने खिशातून शंभर रुपये टाकून चालत नाही. कोठे काय चुकले ते शोधावे लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी पाचशे कमी पडायचे! कूलंटचा हिशेब तसाच आहे. वरून ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती गळती शोधेपर्यंतची तात्पुरती सोय आहे.

दोन निरनिराळे इशारे

काही गाड्यांत कूलंटची पातळी खाली गेल्याचा स्वतंत्र दिवा असतो. अनेक साध्या गाड्यांत तो नसतो. त्यांत केवळ तापमानाचा काटा किंवा लाटांवर उभ्या तापमापकाच्या चित्राचा तांबडा दिवा असतो. हा दिवा पातळी मोजत नाही, तापमान मोजतो. म्हणजे कूलंट कमी होऊन इंजिन तापल्यावरच तो लागतो. काही गाड्यांत हेच चित्र निळ्या रंगात दिसते; तेव्हा इंजिन अजून थंड आहे एवढाच अर्थ असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. कूलंट पार निघून गेले आणि सेन्सर कोरडा पडला, तर काटा खालीही येऊ शकतो. आमच्या परिचयातील एका गृहस्थांची गाडी घाटात तापली. थोड्या वेळाने काटा खाली आलेला पाहून त्यांना हायसे वाटले आणि चहाच्या टपरीपर्यंत जाऊ, असे म्हणून ते पुढे निघाले. काही किलोमीटरवर इंजिन बंद पडले ते पुन्हा सुरू झाले नाही. म्हणून काटा एकदा तांबड्यात जाऊन अचानक खाली आला, तर तो दिलासा समजू नये.

दिवा लागल्यावर काय करावे?

१) ए.सी. ताबडतोब बंद करावा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. घर जवळ आले आहे, घाट संपत आला आहे, असे हिशेब करू नयेत.

२) थांबायला जागाच नसेल तर हीटर पूर्ण गरमवर व पंखा जोरात लावावा. इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने निघते. हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर कूलंट फारच कमी झाले आहे असे समजावे.

३) थांबताच इंजिन बंद करावे. इशाऱ्याचे दिवे लावावेत, परावर्तक त्रिकोण मागे ठेवावा आणि मुलाबाळांना रस्त्यापासून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

४) वाफ येत असेल तर बॉनेट लगेच उघडू नये. उघडल्यावरही पंख्याजवळ हात, ओढणी किंवा पदर नेऊ नये. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो.

५) गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. वर सांगितलेला धोका तो हाच. आत १०० अंशांहून गरम द्रव दाबाखाली असतो. झाकण सैल होताच दाब उतरतो, द्रव एकदम उकळतो आणि कारंज्यासारखा तोंडावर, हातांवर उडतो. किमान अर्धा ते एक तास थांबावे. वरचा होज पाइप हाताला गार व मऊ लागल्यावरच झाकणावर जाड फडके ठेवून ते थोडे फिरवावे, फुस्स आवाज थांबू द्यावा आणि मगच काढावे.

६) तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. धातू एकाएकी आकसून तडकण्याची भीती असते.

७) निवल्यावर पुस्तिकेत सांगितलेले कूलंट हळूहळू भरावे. ते नसेल तर बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर आणि तेही नसेल तर अडचणीपुरते स्वच्छ पिण्याचे पाणी चालेल. भरलेले लगेच खाली गळत असेल, तर गाडी टोचन करूनच न्यावी.

गळती कोठे शोधावी?

रेडिएटर, होज पाइप व त्यांचे क्लॅम्प, वॉटर पंप आणि झाकणाचे रबर या नेहमीच्या जागा होत. गाडीखाली पाणी दिसले म्हणून घाबरू नये, ए.सी.चे पाणीही ठिबकते, पण ते निर्मळ व बिनरंगी असते. कूलंट हिरवे, तांबडे, गुलाबी किंवा निळे, बोटांना बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. डाव्या बाजूच्या आसनापुढची चटई ओली राहत असेल आणि काचेवर चिकट धुके धरत असेल, तर हीटरमध्ये गळती असू शकते.

बाहेर काहीच दिसत नाही आणि तरी पातळी घटते, ही सर्वांत चिंतेची स्थिती. अशा वेळी सिलिंडर हेडचे गॅस्केट उडालेले असू शकते. इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे, टाकीत बुडबुडे येणे आणि तेल दुधाळ होणे या त्याच्या खुणा आहेत. कधी पातळी भरपूर असूनही दिवा लागतो. तेव्हा सेन्सर किंवा त्याची वायर तपासून घ्यावी. दिवा काढून टाकणे हा उपाय नव्हे.

खर्चाचा हिशेब

होज पाइप किंवा क्लॅम्प बदलणे हा किरकोळ खर्च आहे. पण इंजिन तापू दिले तर सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जाते आणि शेवटी पिस्टन जागीच जखडतो. सेकंडहँड गाडीच्या बाबतीत इंजिनाचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीच्या घरात जातो. बँकेत काम करीत असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो. नेहमीच्या सर्वसमावेशक मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि त्यातून होणारे पुढचे नुकसान वगळलेले असते. इंजिनासाठी वेगळे पूरक संरक्षण मिळते, परंतु त्याच्या अटी वाचूनच ते घ्यावे. गाडी गॅरेजमध्ये पडून असली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

रोजची काळजी

आठवड्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागी बॉनेट उघडून टाकीतील पातळी पाहावी. ती किमान व कमाल या दोन खुणांच्या मध्ये असावी. गरम असताना पातळी वर दिसते, म्हणून तुलना नेहमी थंड इंजिनाचीच करावी. बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, जसे घरच्या गिझरमध्ये बसतात. रंग जुळला म्हणून दोन प्रकारचे कूलंट एकत्र करू नये. रंगावरून प्रकार ठरत नाही. उरलेले कूलंट मुलांच्या व जनावरांच्या हाती लागू देऊ नये, कारण ते चवीला गोड पण विषारी असते.

हे सारे करायला दोन मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. विद्यार्थ्यांनी घरच्या गाडीची पुस्तिका काढून त्यातील दिव्यांची चित्रे वडीलधाऱ्यांना समजावून सांगावीत. कष्टाच्या पैशातून घेतलेले वाहन वर्षानुवर्षे सेवा देवो आणि प्रत्येक कुटुंब सुखरूप घरी पोहोचो. तांबडा दिवा दिसताच आपल्यापैकी एखाद्याने जरी गाडी बाजूला घेतली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.