धारपांची पुस्तकं कायम बाहेरच असायची

सांगलीत विश्रामबागला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी साडेतेहतीस वर्षं लायब्ररी चालवली. १९८६ च्या दसऱ्याला सुरू केली आणि २०२० च्या मार्चमध्ये दार बंद केलं, ते पुन्हा उघडलं नाही. वालचंद कॉलेजच्या होस्टेलची मुलं, मिरजेला रात्रपाळीला जाणाऱ्या नर्सेस, एसटीचे कंडक्टर, नेमिनाथनगरमधून दुपारी भांडी आवरून येणाऱ्या बायका असे माझे सभासद. प्रत्येक पुस्तकाला मी खाकी कागदाचं कव्हर घालायची आणि कण्यावर शाईने नंबर टाकायची. पुस्तक बाहेर गेलं की रजिस्टरात लाल शाईने ‘बा’ लिहायचं, परत आलं की त्यावर रेघ मारायची. भयकथाकार नारायण धारपांची पानं उघडली की नुसतं लाल दिसायचं. एकावरची रेघ वाळायच्या आत पुढचा ‘बा’.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरात पेइंग गेस्ट राहणारा वालचंदचा एक मुलगा माझ्याकडे आला. हातात वीटभर जाडीची इंग्रजी कादंबरी. मोठं शहर, त्यात राहणारा साधा तरुण, शहराच्या पोटात दडलेला अंधार, आणि त्या अंधाराशी लढायला नेमकी त्याचीच निवड झालेली. या प्रकाराला अर्बन फँटसी म्हणतात, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, “आजी, मराठीत असलं का नाही काही?”

मी त्याला माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली आणि धारपांचं ‘समर्थांचिया सेवका’ त्याच्या हातात दिलं. दोन रात्रींत वाचून तो परत आला आणि अजून आहेत का विचारू लागला. ट्रंकेत होती. त्याच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं असं तेव्हापासून वाटत होतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी प्रकार समजून घेऊ. जुन्या अद्भुत कथेत राज्य कोणत्या तरी दूरदेशी असायचं. राजपुत्र घोड्यावर बसून सात समुद्रांपलीकडे जायचा आणि राक्षस तिथे भेटायचा. शहरी अद्भुत कथेत राक्षस आपल्या गल्लीत येतो. पत्ता खरा, बस खरी, घरभाड्याची पावती खरी, फक्त भिंतीपलीकडे दुसरं जग. १९९७ साली आलेला हॅरी पॉटर लंडनच्या खऱ्या रेल्वे स्टेशनातून जादूच्या गाडीत बसतो. पुढच्याच वर्षी रशियन लेखक सर्गेई लुक्यानेन्को यांची ‘नाइट वॉच’ आली. तिच्यात प्रकाशाचे आणि अंधाराचे पहारेकरी मॉस्कोच्या रस्त्यांवर फिरतात आणि मेट्रोनेही ये-जा करतात. अमेरिकेत जिम बुचर यांनी २००० सालापासून शिकागोतल्या एका मांत्रिकाच्या कादंबऱ्या लिहिल्या. तो चक्क ऑफिस थाटून गिऱ्हाइकांची वाट पाहत बसतो.

आता धारपांच्या एका कादंबरीचं नाव पाहा: ‘४४० चंदनवाडी’. कादंबरीचं नाव म्हणून त्यांनी पोस्टाचा पत्ता दिला! पोस्टमन पत्र टाकून जाईल अशा घरात भय राहतं, हे त्यांनी मुखपृष्ठावरच सांगून टाकलं.

धारपांचा जन्म १९२५ चा, आणि २००८ साली ते पुण्यात गेले. शिक्षणाने ते विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदवीधर आणि पुस्तकं शंभराच्या वर. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्याच कपाटात मी त्यांना ठेवायची, कारण येणारा सभासद तोच असायचा. पण वाचून परत येणाऱ्याचा चेहरा वेगळा असायचा. अर्नाळकर वाचलेला माणूस खुशीत असे, धारप वाचलेला जरा गप्प. रात्री अकराच्या पुढे धारप वाचू नका, असं मी नव्या सभासदाला सांगायची. ते ऐकून तो हमखास रात्रीच वाचायचा.

त्यांची धाटणी मला नेहमी एखाद्या चौकशी-अहवालासारखी वाटली. घर कसं मिळालं, भाडं किती ठरलं, जिन्याला पायऱ्या किती, मागचं दार कुठे उघडतं. वाचक निर्धास्त होतो. मग एखाद्या खोलीत थोडा जास्त गारवा जाणवतो. कुठून तरी वास येतो. घरातलं लहान पोर एका कोपऱ्याकडे पाहून रडायला लागतं. हाडांचे सापळे नाचवणारा हा लेखक नव्हता. रोजच्या घरातली एकच गोष्ट तो बोटभर हलवायचा, आणि आपल्याला आपलंच घर परकं वाटू लागायचं.

आणि मग समर्थ. धारपांच्या पुस्तकांत जयदेव आहे, कृष्णचंद्र आहे, पण माझ्या सभासदांनी नाव घेऊन मागितले ते समर्थच. अंधाराशी दोन हात करायची शक्ती असलेला हा पुरुष, आणि त्याच्या कथा सांगणारे अप्पा जोशी. ‘निवडलेला नायक’ म्हणजे कोण, याचं खास मराठी उत्तर मला या जोडीत दिसतं. हॅरी पॉटरच्या कपाळावर खूण असते, त्याच्याविषयी भाकीत झालेलं असतं. आपल्याकडे भाकितापेक्षा अनुग्रहाला मान. गुरूने डोक्यावर हात ठेवला की साधा माणूस कामाला लागतो. अप्पा जोशी हे नावच बघा. आमच्या गल्लीत या नावाचे तीन तरी गृहस्थ सहज निघाले असते. माझे वाचक समर्थांपुढे हात जोडायचे, पण मनातून स्वतःला अप्पा समजायचे. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस घरी जाताना ते पुस्तक काखेत मारून न्यायचा, ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

ही कल्पना धारपांच्या फार आधीपासून आपल्याकडे आहे. ‘नवनाथ भक्तिसार’ ही पोथी १८१९ सालची, अध्याय चाळीस. आमच्या सासूबाई श्रावणात तिचं पारायण करायच्या आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मच्छिंद्रनाथ अस्त्रं सोडतात, भस्म फुंकतात, वेताळांशी, देवीदेवतांशी झुंजतात. त्यातली गोरक्षनाथांच्या जन्माची कथा मला सगळ्यांत जवळची. पुत्र व्हावा म्हणून दिलेलं भस्म ती बाई अविश्वासाने उकिरड्यावर टाकते. बारा वर्षांनी मच्छिंद्रनाथ येऊन उकिरड्याशी हाक मारतात आणि आतून मुलगा ओ देतो. सगळ्यांनी टाकून दिलेल्या जागेतून नायक बाहेर येतो. याहून मोठी निवड कुठल्या कादंबरीत आहे? आणि हे नाथ आपल्यापासून दूरचे नाहीत. वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे, बत्तीस शिराळ्याला गोरक्षनाथांचं मंदिर आहे. दोन्ही आपल्या सांगली जिल्ह्यातच. पलीकडे कोल्हापूर, ज्या शहराला देवीने मारलेल्या कोल्हासुराचंच नाव मिळालं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

सांगलीचं ऋण आणखी एक. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याचाच. त्या नाटकांतले राक्षस राळेचा भपकारा उडवत, तलवारी परजत, आरोळ्या ठोकत यायचे आणि पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरायची. मराठी नाटकाचा जन्म धनुष्य पेलणारा कोण, या प्रश्नावर झाला. मग धारपांचं नाव काढलं की तथाकथित चांगले वाचक नाक का मुरडतात, हे मला कधी समजलं नाही. माझ्याकडून धारप नेणाऱ्या एक प्राध्यापक बाई पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून मागायच्या.

दोषही सांगायला हवेत. इतकं लिहिलं की पुनरुक्ती होतेच. घर, दुष्ट शक्ती, समर्थांचं आगमन, निवारण, हा साचा सहाव्या पुस्तकात ओळखीचा होतो. परदेशी लेखकांच्या कथांवरूनही त्यांनी पुष्कळ घेतलं. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग यांची १९७५ ची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’. १९९० च्या सुमाराला विलिंग्डन कॉलेजच्या एका मुलाने किंगचं पुस्तक आणून माझ्या टेबलावर ते आणि धारपांचं अशी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा मला जरा फसल्यासारखं झालं होतं. पुढे दोन्ही वाचली. अमेरिकन गाव मराठी करताना माणसं कशी बोलतात, कशाला घाबरतात, कोणाला हाक मारतात हे सगळं बदलावं लागतं, आणि ते धारपांनी जीव ओतून केलंय. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटाचंही तसंच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी लहान असताना मित्राच्या तोंडून धारपांची ‘आजी’ ही कथा ऐकली होती. ती कथा किंगच्या एका कथेवरून आलेली, आणि चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. तीन ठिकाणचं पाणी एका विहिरीत आलं आणि तो चित्रपट पूर्ण आपला झाला. त्याच वर्षी झी मराठीवर धारपांच्या ‘ग्रहण’वरून मालिका आली, तेव्हा माझ्याकडे त्या पुस्तकासाठी नंबर लागले.

एका प्रश्नाने मात्र मला बरेच दिवस छळलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे एक कार्यकर्ते माझे सभासद होते. ते दर वेळी विचारायचे, “ताई, ही पुस्तकं ठेवून तुम्ही बुवाबाजीला हातभार लावता, असं नाही वाटत?” २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या दिवशी ते आले आणि काही न बोलता बाकावर बसून राहिले. दाभोलकर साताऱ्याचे, पण त्यांचं कॉलेज आमचं विलिंग्डन, आणि डॉक्टर झाले ते मिरजेला. आमच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याने तो तरुण कितीदा गेला असेल! चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. दाभोलकर गेले त्या संध्याकाळी मी धारपांचं कपाट उघडून बराच वेळ उभी होते.

पुस्तकं मी काढली नाहीत. माझं म्हणणं असं आहे: बुवा माणसाकडून पैसे घेतो, बाईचा छळ करतो, पोराला दवाखान्यात नेऊ देत नाही, आणि हे सगळं खरं आहे असं सांगतो. कादंबरी पहिल्या पानापासून सांगते की मी कादंबरी आहे. आणि मला आठवणाऱ्या धारपांच्या कितीतरी कथांत अंधार घरात शिरतो तो कोणाच्या तरी हावेतून, झटपट शक्ती मिळवण्याच्या हट्टातून. असल्या नादाला लागू नका, हेच वाचक त्यातून घेतो. तरी एक नियम मी त्या दिवसापासून केला. शाळकरी मूल धारप न्यायला आलं की पुस्तक देताना दोन मिनिटं बोलायचं, यात खरं काय आणि रचलेलं काय ते विचारायचं. मुलं फार नेमकं सांगतात. त्या कार्यकर्त्यांना हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण वर्गणी त्यांनी शेवटपर्यंत भरली.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकर विसरणार नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातले आमचे दोन नातलग, त्यांची पोरंबाळं, सगळे विश्रामबागला आमच्याकडे आले. लायब्ररीत गाद्या घातल्या. वीज गेलेली, मेणबत्त्या संपत आलेल्या. पोरं गोष्ट मागू लागली, तेव्हा मी समर्थांचीच एक गोष्ट रचून सांगितली. त्यातले अप्पा होडीतून येतात. सहा वर्षांची आमची चुलत नात मध्येच म्हणाली, “समर्थ पाणी का थांबवत नाहीत?”

मला उत्तर सुचेना. तिच्या बापाने अंधारातून सांगितलं, “पाणी नाही थांबवता येत. म्हणून तर होडी घेऊन येतात.” त्या सगळ्यांनाही त्याच सकाळी कोणीतरी होडीतून काढलं होतं. काढणाऱ्या मुलांची नावंही विचारायची राहिली होती.

त्या पुरात गावातली घरंच्या घरं भिजली आणि त्यांच्याबरोबर पुस्तकांची कपाटंही. मोठ्या ग्रंथांची लोक हळहळ करतात, ती करायलाच हवी. पण स्वस्त कागदावरच्या, पिनांनी शिवलेल्या, चितारलेल्या मुखपृष्ठांच्या रहस्य आणि भयकथा मुकाट्याने रद्दीत गेल्या. धारपांची काही पुस्तकं अलीकडे नव्याने छापली गेली, हे चांगलं झालं. तरी जुन्या आवृत्त्या, ती चित्रं, आतल्या पानावर वाचनालयांचे शिक्के आणि सभासदांनी पेन्सिलने लिहिलेले शेरे, हे पुन्हा छापता येत नाही. मराठीत असलं का नाही, असं पुढच्या मुलाने विचारलं तर दाखवायला हेच लागणार आहे.

माझ्या रजिस्टरात धारपांच्या एकतीस पुस्तकांपुढचा ‘बा’ अजून तसाच आहे, रेघ मारायची राहिलेली. विश्रामबागेत, सांगलीत, मिरजेत कोणाच्या माळ्यावर खाकी कव्हरातलं, कण्यावर निळ्या शाईचा नंबर असलेलं पुस्तक निघालं, तर कृपा करून रद्दीवाल्याला देऊ नका. मला परत नको. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या आणि ते कपाटात लागलं की नाही, ते पंधरा दिवसांनी जाऊन पाहून या.